तोफेचं गणित करणारी पेटी

माझ्या वडिलांनी जन्मात स्वतःसाठी म्हणून एकच वस्तू विकत आणली, आणि ती मी खोलून ठेवली. ही हकीकत कुठूनही सांगायला घेतली तरी गाडी शेवटी इथंच येऊन थांबते, म्हणून इथूनच सुरुवात करते.

आम्ही भिंगारला राहायचो. बाबा लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन फिटर होते. कोपरगावकडच्या खेड्यातून सातवी पास होऊन आलेले, आणि नोकरीतली शेवटची तेवीस वर्षं एकाच खोलीत एकाच बाकावर काम केलेले. काम काय, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "यंत्रं पुसतो." कामाचं घरी बोलायचं नाही अशा कागदावर त्यांनी सही केली होती, आणि बाबांनी सही केली म्हणजे केली. आई कधीमधी म्हणायची, "नुसतं पुसून एवढी बोटं काळी व्हत्यात व्हय?" त्यावर ते हसायचे आणि साबण मागायचे.

मी मात्र ते 'पुसतो' खरं धरलं. मी घराण्यातली पहिली पदवीधर. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि नगरच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. बाबा मला लाडानं आणि थोडं चिडवत 'बाई' म्हणायचे. मी त्यांना काय समजत होते, ते सांगायला आता लाज वाटते. अर्जावर वडिलांचा धंदा लिहायचा असला की 'फिटर' हा शब्द मी जरा बारीक अक्षरात काढायचे.

वर्कशॉप आतून बघायला मिळायचं ते वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. त्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत सोडायचे. प्रत्येक यंत्र धुऊन पुसून ठेवलेलं, झेंडूचा हार घातलेलं, आणि अंगावर हळद, कुंकू, शेंदराची बोटं ओढलेली. आम्ही ख्रिस्ती. बाबा पूजेला बसायचे नाहीत, पण हात जोडून सगळ्यांबरोबर उभे राहायचे आणि पेढा घरी आणायचे. मी लहानपणी तीनचारदा गेले असेन. बाबांचं काम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तेवढंच चित्र यायचं, तांबड्या बोटांनी रंगलेली यंत्रं आणि बाजूला मुकाट उभे असलेले बाबा.

एकाहत्तरची लढाई झाली. त्याच्या पुढच्या वर्षी नवीन यंत्रं आली आणि जुनी मोडीत निघाली. दुष्काळाचं वर्ष होतं ते. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, ती शिजवून शिजवून आई वैतागली होती. वर्कशॉपातल्या जुन्या पेट्यांचा लिलाव झाला आणि त्या भिंगारच्या बाजारात एका भंगारवाल्याकडं येऊन पडल्या. तो त्या घणानं फोडायचा, पितळ एकीकडं, अॅल्युमिनियम एकीकडं. बाबा रोज सायकलवरून त्याच रस्त्यानं जायचे. दोन दिवस त्यांनी ते बघितलं. तिसऱ्या दिवशी सायकल हातात धरून चालत घरी आले. कॅरियरवर जुन्या ट्यूबनं आवळलेली एक लोखंडी पेटी होती. आकारानं आमच्या पत्र्याच्या ट्रंकेएवढी, वर तीन मुठी, दोन काट्यांच्या तबकड्या, आणि नंबराची पट्टी कानशीनं घासून काढलेली.

आईनं विचारलं, "हे काय आनलं?"

"माजं काम," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा बोलले. भंगारात गेलेल्या वस्तूचं कसलं आलंय गुपित, असं त्यांनी बहुतेक मनाशी ठरवलं असावं. मला समोर बसवून म्हणाले, "पळत्या सशाला दगड मारायचा तर कुठं मारशील?"

"सशाला," मी म्हणाले.

"मग चुकला तुजा दगड. ससा जिथं पोचनार, तिथं मारायचा. इमानाचं बी तसंच हाय. गोळा वर जाईस्तवर इमान पुढं गेलेलं असतं. किती पुढं, ते ही पेटी सांगती. या मुठी फिरवायच्या. उंची किती, कोन किती, येग किती. आन् तोफ कुठं रोखायची ते काट्यावर येतं. बाकीचं आत व्हतं."

आत काय होतं, हे मी विचारायला हवं होतं. मला उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या.

पण त्यांनी एक बेत सांगितला, तो मात्र मी नीट ऐकला. डिसेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. त्याआधी नाताळात त्यांना ही पेटी मला चालवून दाखवायची होती. "तू कागदावर गनित कर, पेटी आतल्या आत करंल. बघू कोन आदी. चार्जमन सायबांना बी बोलावतो." चार्जमन साहेब म्हणजे बाबांना हे काम शिकवणारे त्यांचे जुने वरिष्ठ, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. बाबा त्यांना फार मानायचे. बरोबर काढलेल्या वीस वर्षांत त्या माणसानं कधी तोंडावर 'चांगलं' म्हटलं नव्हतं, आणि ते एकदा ऐकायला मिळावं ही बाबांची हौस होती. हौस हा शब्द थिटा पडतो. ती त्यांची एवढी एकच आस होती, आणि ती आम्हाला सगळ्यांना दिसत होती.

पेटी आली तेव्हा अडकलेली होती. पुढचे तीन रविवार देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, आल्यावर बाबा ओसरीत तिच्याशी खटपट करत बसले. मी त्या वेळी नाताळच्या गाण्यांच्या तालमीला असायचे, त्यामुळं त्यांनी काय केलं ते माझ्या नजरेला पडलं नाही. तिसऱ्या रविवारी मी घरी आले तर बाबा म्हणाले, "लागली बग मार्गाला." एवढं खूश मी त्यांना माझ्या निकालाच्या दिवशीच पाहिलं होतं.

मग कोपरगावहून पत्र आलं की आत्या आजारी आहे. बाबा रजा टाकून आठ दिवसांसाठी निघाले. एसटीला जाताना मला म्हणाले, "झाकन काढून बग पायजे तर. पर सोडवू काई नको."

दुसऱ्याच दिवशी मी झाकण काढलं.

आत जे होतं ते बघून मी जमिनीवरच बसले. शेकडो दातेरी चाकं, एकात एक गुंतलेली, काही बोराएवढी, काही भाकरीएवढी. मधोमध एक गुळगुळीत तबकडी, तिच्यावर पोलादी गोळी, आणि गोळीवर टेकलेला एक रूळ. मी मूठ हळूच फिरवली. तबकडी फिरली, गोळी मधल्या भागाकडून कडेकडं सरकत गेली, तसा रूळ भराभर फिरायला लागला. दोनतीनदा केलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. हे गणितातलं इंटिग्रेशन होतं. कॉलेजात तीन वर्षं मी ते कागदावर घोकलं होतं, चिन्हं लिहिली होती, मार्क मिळवले होते. इथं ते पोलादाचं होऊन बसलं होतं आणि हाताला लागत होतं. ज्या माणसाला मी यंत्र पुसणारा समजत होते, तो रोज हे खोलत होता, लावत होता, आणि त्याला त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

तिथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण आनंदाबरोबर आणखी एक गोष्ट मनात शिरली, तिला मत्सर म्हटलं तरी चालेल. नाताळात बाबा मला शिकवणार आणि मी फिजिक्सची बाई तोंडात बोट घालून बघणार, हे मला नको होतं. त्यांच्याआधी मला सगळं कळायला हवं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. आधी दोन स्क्रू सोडवले. मग चार. संध्याकाळपर्यंत ओसरीभर वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यांवर चाकं मांडलेली होती. मी काही वेंधळी नव्हते. प्रत्येक भागाला नंबर दिला, कुठून काढला ते वहीत आकृती काढून लिहिलं. इतकं पद्धतशीर काम माझं मलाच कौतुकाचं वाटलं.

चाकांवर जुनं, काळं झालेलं तेल होतं. नाताळची साफसफाई घरात चालूच होती. भिंतींना चुना झाला होता, भांडी घासून झाली होती. मी रेशनचं रॉकेल ताटलीत ओतलं. स्टोव्हला काय घालू असं आई कुरकुरली, पण तिनं मला अडवलं नाही. एकेक चाक धुवायला घेतलं तर ठिकठिकाणी शेंदूर. या चाकाला तिळाएवढा ठिपका, त्या चाकाला दोन. मला खंडेनवमी आठवली. पूजेचा शेंदूर आतपर्यंत गेलाय, असं म्हणाले आणि पुसला. सगळा पुसला. खरं सांगायचं तर पुसताना जरा बरंही वाटलं. नाताळच्या दिवशी आपल्या ओसरीत ती तांबडी बोटं नकोत, असं मनात होतंच. आईनं तसं काही सुचवलं नव्हतं, उगाच तिच्यावर ढकलायला नको.

ते ठिपके फक्त दातांवर होते, हे मला दिसलं होतं. एका चाकाच्या एका दातावर, आणि शेजारच्या चाकाच्या एकाच खाचेत. पूजा करणारा कधी दात मोजून शेंदूर लावतो का? वर्गात मी पोरींना सांगायचे, आधी निरीक्षण, मग अनुमान. माझं अनुमान लहानपणीच होऊन बसलं होतं.

चार दिवसांत मी पेटी परत जोडली. एकही स्क्रू उरला नाही. मुठी लोण्यासारख्या फिरायला लागल्या. मी झाकण लावलं आणि आईला म्हणाले, "बघ, बाबांपेक्षा छान चालतेय."

बाबा आले ते नाताळच्या आदल्या संध्याकाळी. आत्याला उतार पडला होता. हातपाय धुतले आणि आधी पेटीपाशी गेले. मूठ थोडी फिरवून म्हणाले, "हलकी झाली गं. उघडली हुती?"

"उघडून पुसली नुसती," मी म्हणाले. "रॉकेलनं. आतून."

"बरं केलं."

खोटं कसं बोलावं याचा मला सराव नव्हता, तरी ते सहज जमलं. मला वाटलं, उद्या पेटी चालली की सांगू, सगळी खोलून जोडलीय मीच. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. त्यांना झाकण परत काढायचं कारणच नव्हतं, आणि मग गाणी म्हणणारे आले, करंज्या तळायच्या राहिल्या होत्या, सकाळी देऊळ. वेळ कुणाला होता?

दुपारी चार्जमन साहेब आले. पांढरी टोपी, हातात नारळ, आणि चेहरा परीक्षकाचा. आम्ही त्यांना ओसरीत खुर्ची दिली. बाबांनी पेटी टेबलावर मांडली, खाली आईचं धुतलेलं कापड अंथरलं होतं. वर्कशॉपात प्रत्येक पेटी तपासायला एक तक्ता असायचा, त्यातली गणितं आणि त्यांची उत्तरं बाबांना तोंडपाठ होती. त्यातलं एक त्यांनी मला सांगितलं. विमान एवढ्या उंचीवर, एवढ्या कोनात, एवढ्या वेगानं चाललंय. मी लॉगटेबल उघडून कामाला लागले. बाबांनी एकेक मूठ आकड्यावर आणून ठेवली. ते करताना त्यांचे हात इतके शांत होते की मी माझं गणित सोडून त्यांच्याकडंच बघत राहिले. चार्जमन साहेब पुढं वाकले.

काटा सदुसष्टावर जाऊन थांबला.

बाबांनी मुठी शून्यावर आणल्या आणि पुन्हा लावल्या. पुन्हा सदुसष्ट. तोवर माझं गणित झालं होतं, एक्केचाळीसच्या जरा वर. चार्जमन साहेब म्हणाले, "एक्केचाळीस पायजे मिस्त्री. तक्त्यात एक्केचाळीस हाय."

"व्हय सायेब," बाबा म्हणाले.

त्यांनी पेचकस घेतला आणि झाकण काढलं. वाकून आत पाहिलं. मग बोट आत घालून एका चाकाचे दात चाचपले, मग दुसऱ्याचे. मी शेजारीच उभी होते. माझ्याकडं न बघता, मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू त्यांनी विचारलं, "शेंदूर गं?"

"पुसला," मी म्हणाले. "पूजेचा वाटला मला."

तेव्हा त्यांनी मान वर केली. ते रागावले असते तर मी आज हे लिहायला बसले नसते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, थोडी मान हलवली, आणि झाकण परत ठेवलं. मग चार्जमन साहेबांकडं वळून म्हणाले, "माजंच चुकलं सायेब. बसवताना दात हुकला. नजर ऱ्हायली न्हाई आता."

"व्हतं असं," चार्जमन साहेब म्हणाले. "वय झालं मिस्त्री. आता आराम करा." बोलण्यात दया होती. मी त्यांना कधी कुणाशी इतकं मऊ बोलताना ऐकलं नव्हतं.

बाबा माझ्या कागदाकडं बोट दाखवून हसले. "तुजंच बरोबर हाय, बाई."

मी आत गेले आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि तेही मी विचारलं म्हणून. सरकारी यंत्रावर ओरखडा काढायची परवानगी नव्हती. पाइपाच्या आट्यांना लावायचा शेंदूर मात्र वर्कशॉपात डब्यानं पडलेला असायचा. तो तेलात कालवून काडीनं ते खूण करायचे, कुठला दात कुठल्या खाचेत बसतो त्याची. चाक कुठल्याही दातावर बसतं, आणि कुठंही बसलं तरी गोडच फिरतं. चूक फक्त काट्यावर दिसते. योग्य जागा शोधायला वर्कशॉपात मापाची हत्यारं होती. घरी तीन रविवार त्यांनी ती नुसत्या हाताच्या अंदाजानं शोधली होती, आणि हुकू नये म्हणून प्रत्येक जोडीला खूण केली होती.

मी म्हणाले, "मी चार्जमन साहेबांना जाऊन सांगते, मीच खोलली म्हणून."

"ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "काय सांगशील? पोरगी एवढी शिकली आन् बापाला इचारलं न्हाई म्हनून? त्यांच्यापुढं तुला कमीपना नको. माजं काय, मी चाललोच हाय घरी."

मला रडू आलं आणि मी रडले. पण चार्जमन साहेबांकडं गेले नाही. बाबा नको म्हणाले होते, हे कारण मला फार सोयीचं पडलं.

निवृत्त झाल्यावर ते पुन्हा पेटीपाशी बसायला लागले, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू खरंच उतरत होता. साहेबांना सांगितलेली सबब खोटी होती, तीन महिन्यांत ती खरी झाली. एकदा मी म्हणाले, चाकांचे दात मोजून गणितानं जागा काढता येतील, मी काढून देते. त्यांचा चेहरा खुलला. "व्हईल का गं?" होणार होतं. अवघड होतं, महिने लागले असते, पण झालं असतं. मी वही घेतली, अकरा चाकांचं गणित केलं, आणि मेमध्ये माझं लग्न झालं. नवरा नागापूरच्या एका कारखान्यात होता, बिऱ्हाड नवं, शाळा सांभाळायची. माहेरी गेले की बाबा एकदोनदा विचारायचे, "ती वही?" मी म्हणायचे, "बघते." मग त्यांनी विचारणं सोडलं. पुढच्या पावसाळ्यात गेले तर ओसरीत पेटी नव्हती. ज्या भंगारवाल्याकडून आणली त्यालाच देऊन आले होते. फोडू नको म्हणून सांगितलंय, असं आईनं सांगितलं. फोडली असणार.

बाबा पुढं नऊ वर्षांनी गेले. मातीला भिंगारची बरीच माणसं आली होती. चार्जमन साहेब काठी टेकत आले, सगळं उरकेपर्यंत उभे राहिले, आणि परतताना माझ्या नवऱ्याचा हात धरून म्हणाले, "मिस्त्रीचा हात लई चांगला हुता. असा मानूस वर्कशॉपात दुसरा न्हवता. तेवढा शेवटी शेवटी गेला बगा."

जे 'चांगलं' बाबांना जन्मभर ऐकायचं होतं, ते मी ऐकलं, आणि पाठोपाठ जे आलं तेही ऐकलं. साहेब माझ्याकडं वळले. तुम्ही तर होताच तिथं, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. बाबांचा हात शेवटपर्यंत गेला नव्हता हे सांगू शकणारी जगात मी एकटी उरले होते, आणि मला कमीपणा येईल म्हणून अडवणारं आता कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "हो."